नावाचा ताबा आणि तारखांचा पुरावा

इंटरनेटवरील डोमेन नाव म्हणजे एखाद्या संकेतस्थळाचा माणसाच्या लक्षात राहील असा अक्षरी पत्ता होय. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात आणि माणसांच्या लक्षात आकडे राहत नाहीत, एवढ्या सोयीपोटी ही नावे अस्तित्वात आली. परंतु व्यापार इंटरनेटवर स्थिरावला तसे हे सोयीचे नाव दुकानाची पाटी, मालावरचा शिक्का आणि टपालाचा पत्ता ही तिन्ही कामे एकदम करू लागले, आणि त्याबरोबर व्यापारचिन्हांचा कायदा घडवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते असे वाद न्यायालयांपुढे येऊ लागले. व्यापारचिन्ह, म्हणजे एका व्यापाऱ्याचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू यावा म्हणून वापरलेले नाव किंवा खूण, हे देशापुरते आणि वर्गापुरते मर्यादित असते. माल आणि सेवा यांचे एकूण 45 वर्ग मानले जातात आणि एकच नाव एका वर्गात चहाच्या व्यापाऱ्याकडे, तर दुसऱ्या वर्गात पाण्याचे पंप बनवणाऱ्याकडे बिनतक्रार नांदू शकते. डोमेन नावाला ही मुभा नाही. 'डॉट कॉम'च्या आधी येणारे अक्षरांचे एक विशिष्ट रूप साऱ्या जगात एकाच नोंदधारकाचे असू शकते, ते जो आधी मागेल त्याला मिळते, आणि मागणाऱ्याचा त्या नावाशी संबंध काय, हे नोंदणीच्या वेळी कोणीही विचारत नाही. दुसऱ्याच्या नावलौकिकावर डोळा ठेवून, ते नाव पुढे त्यालाच चढ्या भावाने विकावे किंवा त्याची गिऱ्हाइके आपल्याकडे वळवावीत या हेतूने अशी नोंदणी करून ठेवण्याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात. या व्याख्येचा सगळा भार हेतूवर आहे, आणि हे खटले चालवणाऱ्या वकिलाची बहुतेक मेहनत दिसत नसलेला हेतू दिसणाऱ्या कागदांतून कसा सिद्ध करावा या एकाच प्रश्नावर खर्च होते.

या वादांचा पहिला काळ उघड सौदेबाजीचा होता. अमेरिकेत डेनिस टोपेन याने पॅनाव्हिजन या चित्रपट-कॅमेऱ्यांच्या कंपनीचे डोमेन नाव नोंदवून त्यावर इलिनॉय राज्यातील पाना या गावाची छायाचित्रे लावली आणि नाव सोडण्यासाठी कंपनीकडे 13,000 डॉलर मागितले. 1998 मध्ये तेथील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 'वन इन अ मिलियन' या विक्रेत्याच्या प्रकरणात असे ठरवले की, मार्क्स अँड स्पेन्सरसारख्या नामांकित दुकानांची नावे विकण्यासाठी गोळा करून ठेवणे हेच मुळी फसवणुकीचे हत्यार तयार करणे होय. भारतीय न्यायालयेही यात मागे नव्हती. फेब्रुवारी 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूइंडिया.कॉम या नावाविरुद्ध मनाई हुकूम दिला, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ.कॉमच्या चालकांनी रॅडिफ.कॉमविरुद्ध आणलेला दावा आला. हा दुसरा खटला आजही मुळातून वाचण्याजोगा आहे. दोन नावांत इंग्रजी लेखनातील एका स्वराचा फरक होता, आणि आपले नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या चार इंग्रजी शब्दांच्या अक्षरांवरून सुचले असा खुलासा प्रतिवादींनी केला होता. न्यायालयाने तो मानला नाही. डोमेन नाव हे निव्वळ इंटरनेटवरचा पत्ता नसून त्याला व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्या काळात या कामात पडलेल्या प्रत्येकाला असे खुलासे पुन्हा पुन्हा वाचावे लागले आहेत. आजीचे नाव, कुलदैवताचे नाव, अमुक शब्दांची आद्याक्षरे अशी त्यांची रूपे बदलतात, परंतु खुलासा खरा की नोटीस आल्यावर सुचलेला, हे ओळखण्याची रीत रॅडिफच्या निकालात दिसते तीच राहिली आहे: नाव कधी घेतले, त्या वेळी दुसऱ्याचे नाव किती गाजलेले होते आणि दोघांचा व्यवसाय काय होता, हे आधी पाहायचे आणि खुलासा नंतर ऐकायचा.

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात या विषयावर शिक्कामोर्तब केले. सत्यम इन्फोवेने स्वतःच्या नावातील अक्षरे जुळवून 'सिफी' हे नाव घडवले होते आणि 1999 मध्ये त्यावरून अनेक डोमेन नावे नोंदवली होती. प्रतिवादीने दोन वर्षांनी त्याच ध्वनीचे, एक अक्षर जास्तीचे नाव घेतले. बेंगळुरूच्या दिवाणी न्यायालयाने मनाई दिली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. डोमेन नावांच्या वादांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, हे न्यायालयाने नमूद केले आणि तरीही 'पासिंग ऑफ'च्या तत्त्वाखाली, म्हणजे आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवण्यास मनाई करणाऱ्या जुन्या दिवाणी तत्त्वाखाली, संरक्षण देता येते असे ठरवले. या तत्त्वासाठी व्यापारचिन्हाची नोंदणी झालेली असावी लागत नाही, ही बाब महाराष्ट्रातल्या छोट्या व्यावसायिकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. असा व्यावसायिक वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या पिशवीत बहुधा गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, अन्न परवाना आणि जुन्या छापील पिशव्या असतात, आणि गुमास्ता परवान्यावर नाव छापलेले असल्यामुळे ते नाव कायद्याने आपलेच झाले आहे अशी त्याची ठाम समजूत असते. ती समजूत चुकीची असली तरी पिशवी टाकाऊ नसते. परवाना नावावर हक्क देत नाही, पण अमुक तारखेला अमुक नावाने धंदा चालू होता हे तो दाखवतो, आणि तारीख असलेला कोणताही कागद या कामात सोन्याच्या मोलाचा ठरतो.

न्यायालयाच्या जोडीने दुसरा मार्ग आहे तो लवादाचा. इंटरनेटवरील नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने 1999 मध्ये यूडीआरपी हे धोरण लागू केले. डॉट कॉमसारखे नाव घेणारा प्रत्येक नोंदधारक रजिस्ट्रारशी, म्हणजे नावे विकणाऱ्या मान्यताप्राप्त कंपनीशी, करार करतानाच या धोरणाला बांधला जातो, त्यामुळे तो कोणत्या देशात राहतो हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो. या धोरणाखालील पहिला निकाल जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या केंद्रातून जानेवारी 2000 मध्ये आला आणि तो कुस्तीचे खेळ भरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या नावाविषयी होता. त्यानंतर दोनच महिन्यांत मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने आपल्या दोन वृत्तपत्रांच्या नावांआधी इंग्रजी उपपद जोडून घेतलेली डोमेन नावे याच मार्गाने परत मिळवली. आता या एका केंद्राकडे वर्षाला सहा हजारांहून अधिक तक्रारी येतात. डॉट इन या भारतीय नावांसाठी नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेचे आयएनडीआरपी हे धोरण 2005 पासून लागू आहे आणि त्याखालील निवाडा 1996 च्या लवाद कायद्याप्रमाणे दिला जातो. दोन्ही धोरणांत तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: डोमेन नाव त्याच्या चिन्हाशी तंतोतंत किंवा गोंधळ उडण्याइतके जुळते, नोंदधारकाचा त्या नावावर कोणताही न्याय्य हक्क वा हितसंबंध नाही, आणि नाव वाईट हेतूने घेतले आहे. यातला तिसरा मुद्दा दोन धोरणांत वेगळा आहे, कारण यूडीआरपीखाली नोंदणी आणि वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते, तर आयएनडीआरपीखाली दोहोंपैकी एक पुरते. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक प्रत्यक्षात अनेक प्रकरणांचे भवितव्य ठरवतो: एखाद्याने कोणालाही न दुखावता घेतलेले नाव कंपनी मोठी झाल्यावर तिच्या गिऱ्हाइकांना फसवण्यासाठी वापरायला काढले, तर डॉट कॉमच्या बाबतीत तक्रार बहुधा फेटाळली जाते आणि डॉट इनच्या बाबतीत टिकू शकते.

म्हणून या कामाचा गाभा तारखांचा क्रम हा आहे. तक्रारीचा मसुदा लिहिण्यापूर्वी वकील एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारतो आणि डावीकडे अशिलाच्या नावाच्या तारखा लिहितो: पहिले बिल, पहिली जाहिरात, चिन्हाच्या नोंदणीचा अर्ज, अर्जात दिलेली वापराची तारीख. उजवीकडे येतात डोमेन नावाच्या तारखा, आणि तिथे पहिली खबरदारी घ्यावी लागते, कारण नोंदवहीत दिसणारी निर्मितीची तारीख आणि सध्याच्या धारकाने ते नाव विकत घेतल्याची तारीख या वेगळ्या असू शकतात, आणि हेतू मोजला जातो तो या दुसऱ्या तारखेपासून. नाव 2009 चे आणि मालक 2021 चा असेल, तर 2015 साली लोकप्रिय झालेल्या अशिलाची बाजू वरवर पाहता हरलेली आणि नीट पाहता भक्कम असते. मधल्या काळात त्या पत्त्यावर काय दिसत होते हे इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरील जुन्या पानांतून कळते. कधी तिथे वर्षानुवर्षे कोरे पान असते, कधी जाहिरातींच्या दुव्यांची यादी असते, आणि एखाद्या दिवशी अचानक त्या यादीत अशिलाच्याच स्पर्धकांची नावे उमटतात. तो दिवस सापडला की निम्मे काम झाले. कोरे पान असले म्हणून नोंदधारक सुटतो असेही नाही. ऑस्ट्रेलियातील टेलस्ट्रा या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात 2000 सालीच असा निर्णय झाला की, नाव इतके गाजलेले असेल की त्याचा कोणताही प्रामाणिक वापर कल्पनेत येत नाही, तर ते नुसते अडवून ठेवणे हाही वाईट हेतूचा वापर ठरू शकतो.

पुरावा गोळा करण्याचाही एक क्रम असतो, आणि तो चुकला तर बळकट प्रकरण हातचे जाते. अशिलाची स्वाभाविक इच्छा आधी खरमरीत नोटीस पाठवण्याची असते. परंतु नोटीस पोहोचली की त्याच रात्री संकेतस्थळावरील मजकूर नाहीसा होतो, किंवा नाव दुसऱ्या देशातील दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवले जाते, ज्याला या व्यवसायात 'सायबरफ्लाइट' म्हणतात. म्हणून आधी प्रत्येक पानाची पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल अशी चित्रे घ्यायची, ज्या संगणकावर घेतली त्याच्याविषयी पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम 65ब खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली लागणारे प्रमाणपत्र तयार ठेवायचे, आणि मगच पुढचे पाऊल टाकायचे. यूडीआरपीच्या नियमांत 2015 साली झालेला बदल याच अनुभवातून आला. आता तक्रार दाखल झाल्याचे नोंदधारकाला कळण्यापूर्वी रजिस्ट्रारला कामकाजाच्या दोन दिवसांत नाव जागच्या जागी अडकवून ठेवावे लागते.

मराठी व्यावसायिकाच्या प्रकरणांना एक जादा अडचण असते ती रोमन लेखनाची. 'श्री' हे अक्षर इंग्रजीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते, 'विठ्ठल' किती प्रकारे लिहिले जाते याला धरबंध नाही, आणि दीर्घ स्वरासाठी एक ए लिहावा की दोन हे घराघराच्या सवयीवर अवलंबून असते. दुकानाच्या पाटीवर नाव देवनागरीत, चिन्हाच्या नोंदणीत एका रोमन रूपात आणि संकेतस्थळावर दुसऱ्याच रोमन रूपात, अशी स्थिती सर्रास आढळते, आणि मग प्रतिस्पर्ध्याने तिसरे रूप घेतले की ते अशिलाच्या नावाची नक्कल आहे की त्याच नावाचे दुसरे स्वाभाविक लेखन आहे, असा वाद उभा राहतो. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा प्रकरणात डोळ्यांच्या साम्यापेक्षा कानांच्या साम्याला अधिक महत्त्व दिले पाहिजे, कारण गिऱ्हाईक ते नाव ऐकून लक्षात ठेवते आणि आपल्याला येईल तसे टंकते. भारतीय न्यायालयांनी ध्वनिसाम्याला नेहमीच वजन दिलेले आहे. देवनागरीतील 'डॉट भारत' ही नावे ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झाली आणि मराठी व कोकणी या दोन्ही भाषांना ती खुली होती, परंतु छोट्या व्यापाऱ्यांपैकी ती घेणारे फार थोडे भेटतात आणि त्यांवरून झालेले वादही विरळाच आहेत.

सायबरस्क्वॉटिंगची तक्रार म्हणून जे प्रकरण छोट्या गावातून सर्वांत जास्त येते ते वास्तविक सायबरस्क्वॉटिंग नसतेच. व्यावसायिकाने संकेतस्थळ बनवण्याचे काम ओळखीच्या तरुणाला किंवा शहरातील लहान कंपनीला दिलेले असते, नाव नोंदवताना त्या माणसाने स्वतःचे खाते आणि स्वतःचा ईमेल वापरलेला असतो, नूतनीकरणाचे पैसे दर वर्षी रोखीने दिलेले असतात, आणि पाच-सात वर्षांनी बिलावरून खटका उडाला की लक्षात येते की, ज्या नावावर सारा धंदा उभा आहे ते कागदोपत्री दुसऱ्याचेच आहे. अशिलाला यात उघड चोरी दिसते. लवादाला मात्र यात करारभंगाचा किंवा थकबाकीचा वाद दिसतो, आणि असे वाद आपल्या कक्षेबाहेर आहेत असे सांगून लवाद तक्रार फेटाळू शकतो; नोंदणीच्या दिवशी त्या तरुणाचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही, कारण त्या दिवशी तो अशिलाच्याच सांगण्यावरून काम करत होता. अशा वेळी दिवाणी दावा, आणि त्याहीपेक्षा दोघांना समोरासमोर बसवून थकलेल्या बिलाचा हिशेब करणे, हाच मार्ग उरतो. कायद्याच्या पुस्तकांत या प्रकाराला दोन ओळीही मिळत नाहीत, पण मसाले, कपडे, शेती-अवजारे, प्रवासी गाड्या अशा व्यवसायांतल्या माणसांचे सर्वांत जास्त नुकसान याच प्रकाराने होते, आणि ते टाळण्यासाठी नाव नोंदवण्याच्या दिवशी खात्यात स्वतःचा ईमेल आणि स्वतःचा मोबाइल क्रमांक घालण्यापलीकडे काहीही लागत नाही.

हेतू शोधण्याच्या या व्यवहारात दुसऱ्या बाजूचाही न्याय पाहावा लागतो. उत्तर कॅरोलिना राज्यातील उझी निसान या व्यावसायिकाने 1994 साली स्वतःच्या आडनावाचे डोमेन नाव आपल्या संगणकांच्या धंद्यासाठी घेतले, आणि 1999 मध्ये त्याच नावाच्या जपानी मोटार कंपनीने त्याच्यावर 1 कोटी डॉलरचा दावा लावला. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर नाव त्याच्याकडेच राहिले, पण त्या झगड्याने त्याची उमेदीची वर्षे खाल्ली. मुंबई उच्च न्यायालयातही शादी.कॉमच्या चालकांचे दोन दावे शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. 2014 मध्ये शादी शब्दाची पुनरुक्ती केलेल्या एका नावाविरुद्ध त्यांना मनाई मिळाली, कारण प्रतिवादीने त्यांचे नाव आपल्या पानांच्या आतल्या, वाचकाला न दिसणाऱ्या खुणांत भरून शोधयंत्रावरची त्यांची गिऱ्हाइके वळवली होती. 2016 मध्ये सेकंडशादी.कॉमविरुद्ध ती मिळाली नाही, कारण विवाह जुळवण्याच्या व्यवसायात शादी हा शब्द कोणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही आणि पुनर्विवाहासाठी तो वापरणाऱ्याने काही लपवलेले नव्हते. बुकमायशोच्या चालकांनाही 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात बुकमायस्पोर्ट्सविरुद्ध मनाई मिळाली नाही. वर्णनपर शब्दावर धंदा उभारणाऱ्याने त्या शब्दाचा मोकळा वापरही सोसला पाहिजे, ही भूमिका प्रस्तुत लेखकाला मनापासून पटते. यूडीआरपीच्या नियमांत प्रामाणिक धारकाचे नाव हिसकावण्यासाठी तक्रारीचा दुरुपयोग करण्यालाही एक नाव आहे, रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंग, आणि लवाद तसा स्पष्ट शेरा नोंदवू शकतो. त्या शेऱ्याबरोबर दंड नसतो. म्हणूनच तारखांचा कागद अशिलाच्या विरुद्ध जात असेल, तर त्याला ते पहिल्याच बैठकीत सांगणे आणि नाव रास्त किमतीला विकत घेण्याचा सल्ला देणे हे वकिलाचे कर्तव्य ठरते, मग तो सल्ला ऐकून अशील दुसऱ्या वकिलाकडे गेला तरी हरकत नाही.

जनमत मात्र हेतूकडे नेहमीच या काटेकोर नजरेने पाहत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये जिओहॉटस्टार.कॉम हे नाव दिल्लीच्या एका तरुणाने आधीच घेऊन ठेवल्याचे आणि परदेशी शिक्षणाचा खर्च मिळाल्यास ते देण्याची तयारी त्याने दाखवल्याचे गाजले, तेव्हा अनेकांना त्याची हुशारी भावली. बलाढ्य कंपनीसमोर एकट्या तरुणाविषयी वाटणारी ती आपुलकी समजण्यासारखी आहे. परंतु दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची चाहूल लागताच त्यांची नावे जोडून डोमेन नाव घेणे हे लवादांनी वारंवार वाईट हेतूचे ठरवलेले उदाहरण आहे, आणि मागितलेली रक्कम चांगल्या कामासाठी होती म्हणून नोंदणीच्या वेळचा हेतू बदलत नाही.

अशी सौदेबाजी आता या व्यवसायातील सौम्य भाग वाटू लागली आहे, कारण गेल्या काही वर्षांत सायबरस्क्वॉटिंगचे मुख्य रूप बदलले आहे. आजचा नोंदधारक नाव विकायला येत नाही; तो गाजलेल्या कंपनीच्या नावाला एजन्सी, डीलरशिप, करिअर किंवा केवायसी असा शब्द जोडून नाव घेतो, हुबेहूब संकेतस्थळ उभे करतो, वितरक नेमण्याच्या किंवा नोकरी देण्याच्या नावाखाली अनामत रक्कम गोळा करतो आणि काही आठवड्यांत नाहीसा होतो. मे 2018 मध्ये युरोपचा विदा-संरक्षणाचा नियम लागू झाल्यापासून नोंदवहीतील धारकाचे नाव-पत्ते जवळपास सर्वत्र झाकले गेले आहेत, त्यामुळे तक्रार अनोळखी माणसाविरुद्ध करावी लागते आणि खरी ओळख, मिळालीच तर, रजिस्ट्रारकडून नंतर मिळते; बहुधा ती ओळखही चोरलेली असते. आपल्याकडे अज्ञात प्रतिवादीविरुद्धच्या दाव्यात त्याला अशोक कुमार असे नाव देण्याची पद्धत आहे, आणि एका दाव्यात डझनभर बनावट नावे आणि तितकीच बँक खाती या एकाच अशोक कुमारच्या नावाखाली येतात. इथे कायद्याच्या उपायाची मर्यादा उघडी पडते. लवाद नाव हस्तांतरित किंवा रद्द करू शकतो, नुकसानभरपाई देऊ शकत नाही. यूडीआरपीखाली एका लवादाच्या मंडळासाठी 1,500 डॉलर शुल्क भरून, हरलेल्या पक्षाला न्यायालयात जाता यावे म्हणून ठेवलेले कामकाजाचे दहा दिवस थांबून, कंपनीला नाव मिळते. पण नाशिक किंवा सोलापूरच्या ज्या माणसाने वितरक होण्यासाठी कर्ज काढून पैसे भरले त्याला काहीच मिळत नाही, कारण तो या प्रकरणात पक्षकारच नसतो. त्याला 1930 या क्रमांकावर आणि पोलिसांच्या सायबर शाखेत जावे लागते, आणि तोवर पैसे चार खात्यांतून फिरलेले असतात. परत मिळालेल्या नावावर कंपनीने ईमेल चालू केला की, त्या बनावट पत्त्यावर लोकांनी पाठवलेली पत्रे येऊ लागतात: भरलेल्या पैशांच्या पावत्या, आधार कार्डांच्या प्रती, नेमणूकपत्र कधी मिळेल अशी विचारणा. त्या पत्रांना उत्तर देणे कायद्याने कंपनीचे काम नाही. तरीही प्रत्येकाला खरी परिस्थिती कळवून तक्रार कुठे करावी ते सांगणारे एक साधे उत्तर पाठवण्याचा आग्रह वकिलाने धरावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते, कारण त्या माणसांनी विश्वास ठेवला होता तो कंपनीच्याच नावावर.

रजिस्ट्रारची जबाबदारी किती, हा यापुढचा खरा प्रश्न आहे. जून 2020 मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरच्या नावाने चाललेल्या अशाच फसवणुकीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तांत्रिक वास्तव समजून घेऊन सांगितले की, रजिस्ट्रार एखाद्या नावाची नोंदणी निलंबित करू शकतो, पण ते नाव कायमचे अडवून ठेवू शकत नाही. एप्रिल 2022 मध्ये स्नॅपडीलच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने भविष्यात येऊ शकणाऱ्या सर्व नावांवर सरसकट बंदी घालण्यास नकार दिला, कारण प्रत्येक नाव फसवे आहे की नाही हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. हा नकार योग्यच होता. सरसकट बंदीत उझी निसानसारखी माणसेही भरडली गेली असती. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही दाखवून दिले की, हवे ते नाव उपलब्ध नसल्यास त्याच्या जवळची नावे आपणहून सुचवून, त्यांची चढी किंमत लावून रजिस्ट्रार स्वतः नफा कमावतात. नावाची किंमत घेताना यंत्रणा हुशार असते आणि मागणारा कोण हे विचारताना तीच यंत्रणा आंधळी होते, ही स्थिती न्यायालयांच्या एकेका हुकुमाने बदलणारी नाही.

ती बदलता येते, हे बँकांच्या बाबतीत दिसले आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये सर्व बँकांना 'बँक डॉट इन' या स्वतंत्र विभागात येण्यास सांगितले आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत घातली; या नावांची नोंदणी हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेमार्फत होते, त्यामुळे परवानाधारक बँकेखेरीज कोणालाही तिथे नाव मिळत नाही. आधी तपासणी आणि मग नोंदणी हा क्रम तांत्रिकदृष्ट्या अशक्य असल्याचे रजिस्ट्रार वर्षानुवर्षे सांगत आले होते, आणि एका विभागापुरता तो प्रत्यक्षात आणून दाखवण्यात आला. सर्व नावांसाठी इतकी कडक तपासणी नको, तिने छोट्या माणसाचीच वाट अडेल. पण नोंदणीकृत व्यापारचिन्हाच्या पुढे-मागे डीलरशिप किंवा केवायसीसारखा शब्द जोडून नाव मागणाऱ्याकडून नोंदणीपूर्वी ओळखपत्र आणि अधिकारपत्र घेणे, आणि ती ओळख न्यायालयाने किंवा पोलिसांनी मागताच त्याच दिवशी देणे, एवढी अट निक्सीने डॉट इनपुरती घातली तरी अशोक कुमारच्या नावाने चालणाऱ्या दाव्यांतील बरेचसे दावे खऱ्या नावाच्या प्रतिवादीविरुद्ध चालवता येतील.